गाणं कोणत्या दारानं आलं? १९७० ते १९७४ ची बैठक भरवताना

आमच्याकडे गोव्यात 'सत्तरी' म्हटलं की आधी वाळपईकडचा तालुका डोळ्यांसमोर येतो. देवळाच्या फळ्यावर मी पहिल्यांदा खडूनं 'सत्तरीतली गाणी, शनिवारी पाच वाजता' असं लिहिलं, तेव्हा तिघं जण रणमाले, म्हणजे त्या तालुक्यातलं लोकनाट्य, बघायला मिळेल म्हणून आले होते. त्यांना चहा पाजून बसवून घेतलं. तेव्हापासून फळ्यावर साल आकड्यांत असतं: १९७० ते १९७४. तुम्हीही तसंच लिहा.

मी म्हार्दोळची. बँकेत छत्तीस वर्षं रोकड मोजली आणि निवृत्त झाल्यावर बाबांची पेटी उघडली. पेटी म्हणजे खरोखरची लाकडी पेटी, तबकड्यांनी भरलेली. बाबा उत्सवातल्या नाटकांना ऑर्गन वाजवायचे, आणि वर्षभर पैसे साठवून तबकड्या घ्यायचे. गेली चार वर्षं मी महिन्यातून एकदा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, गाणी ऐकण्याची बैठक भरवते. आता शिरोड्याहून, डिचोलीहून फोन येतात, 'बाय, आमच्याकडे असं करायचं तर कसं?' दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं.

आधी माझी फजिती सांगते. पहिली बैठक मी पार घालवली. सगळ्यात गाजलेली वीस गाणी निवडली, प्रत्येकाच्या आधी पाच-पाच मिनिटं बोलले. बाराव्या गाण्याला आमचा तबलजी उठून भज्यांच्या परातीपाशी जाऊन उभा राहिला तो परत बसलाच नाही. शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, ही सगळी मोबाइलवर आहेत. त्यासाठी इथं कशाला यायचं?"

राग आला, पण रात्री झोप लागेना. त्याचं चुकलं नव्हतं. आज सगळी गाणी एकाच दारानं येतात, खिशातल्या फोनमधून. तेव्हा तसं नव्हतं. एखादं आधी रंगमंचावर यायचं आणि मग तबकडीवर. एखादं आधी तबकडीवर, मग रंगमंचावर. एखादं सिनेमातून, एखादं बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरून खरखरत. दार बदललं की गाण्याची लांबी बदलते, चाल बदलते, ऐकणाऱ्याचं बसणंही बदलतं. तेव्हापासून मी बैठकीत एवढंच करते: गाणं त्याच्या मूळ दारानं आत आणते. पुढचं सगळं त्याचाच खटाटोप आहे.

किती गाणी, कुठं, कधी

दीड तासाला नऊ गाणी पुरतात. सरासरी चार मिनिटं धरली तर गाण्यांची छत्तीस मिनिटं झाली. प्रत्येक गाण्याआधी तुमचं बोलणं दीड मिनिट, त्यापेक्षा एक शब्द जास्त नाही. मी हातातलं घड्याळ काढून समोर ठेवते. उरलेला वेळ ऐकणाऱ्यांचा. लोक गाण्यासाठी येतात तितकेच 'मी हे कुठं ऐकलं होतं' ते सांगायला येतात, आणि ते त्यांना सांगू द्यायला हवं.

देवळाच्या चौकात बसू नका. गुळगुळीत फरशी आणि उंच छत, आवाज घुमत राहतो. अग्रशाळा बरी, लाकडी माळ्याखाली सतरंज्या अंथरल्या की आवाज बसतो. स्पीकर जमिनीवर ठेवू नका, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला बाकावर ठेवा. पालखीचा वार सोडा, आरतीच्या अर्धा तास आधी उरका. तिकीट लावू नका. तिकीट लावलं की परवान्यांचं प्रकरण सुरू होतं, आणि आपल्याला काही त्यातून कमवायचं नाही. पातळभाजी-पाव शेवटी द्या. मध्ये दिलात तर दुसऱ्या अर्ध्यात माझ्या तबलजीसारखे सगळेच परातीपाशी.

लाईट जाणारच, विशेषतः जूनमध्ये. त्यासाठी गाणारा एक माणूस आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे तर आता काही जण लाईट जायची वाटच बघतात.

तबकड्या

सगळं काही तबकडीवर वाजवायचा हट्ट नको. नवातली दोन-तीन तबकडीवर, बाकीची फोनवरून स्पीकरला. पण त्या दोन-तीन नीट वाजल्या पाहिजेत.

बाबांच्या पेटीत तीन जाती होत्या. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. सात इंची, ४५ फेऱ्यांच्या. आणि एलपी, ३३⅓ फेऱ्यांच्या. दहा इंची लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटं चालते, एलपीची वीस-बावीस. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडतील. १९७० च्या सुमारास लाखेच्या तबकड्या मागं पडत चालल्या होत्या, त्यामुळे या चार-पाच वर्षांतली बहुतेक गाणी तुम्हाला ४५ आणि ३३ वरच मिळतील. पण घराघरांत वाजत मात्र तिन्ही होत्या.

आपल्याकडच्या पावसात तबकड्यांना बुरशी येते. पहिल्याच पावसाळ्यानंतर मी बाबांची एक ७८ बाहेर काढली, तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. घरात इंजेक्शनच्या वेळचं स्पिरिट होतं. कापसाचा बोळा भिजवला आणि गोल गोल पुसलं. बोळा काळा झाला. मला वाटलं, काय घाण निघते! दुसरा बोळा काळा. तिसऱ्या बोळ्याला तबकडीची चमक गेलेली दिसली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की निघतेय ती घाण नव्हे, तबकडी निघतेय. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्या सुताराला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला, म्हणाला, "आम्ही पॉलिश करतो ते मग कसं?" बाबांनी लग्नाआधी घेतलेली तबकडी होती. अजून ठेवलीय, वाजत नाही.

म्हणून लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर, काहीही लावू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब. चष्मा पुसायचं मऊ फडकं भिजवून घट्ट पिळा आणि रेघांच्या दिशेनं गोल पुसा, आडवं कधी नाही. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. मग दुसऱ्या फडक्यानं नुसत्या पाण्यानं, आणि ताटाळ्यात ताटं उभी करतो तशी उभी करून पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, एलपी उन्हात वाकते, मग सुई तिच्यावरून होडीसारखी हेलकावे खाते.

सुईचंही बघा. ७८ ची रेघ रुंद, एलपीची बारीक. जुन्या प्लेअरच्या सुईला बहुतेक दोन तोंडं असतात, खटका फिरवला की बदलतात. खटका न फिरवता एलपीच्या सुईवर ७८ लावली तर ती रेघेच्या तळाशी घसरत खरखर करते. उलट केलंत तर एलपी कायमची जाते. मी सुईशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, लाल म्हणजे ७८.

सुरुवात सूर लावण्यानं

पहिलं गाणं लावायच्या आधी तबला सुरात लावून घ्या, सगळ्यांसमोर. घाई करू नका. आणि मग १ ऑगस्ट १९७१ सांगा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसननं कार्यक्रम केला, एक दुपारी आणि एक रात्री. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती बसले होते. वाद्यं लावून झाली तशी टाळ्या पडल्या. रविशंकर म्हणाले, सूर लावणं तुम्हाला एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल. त्याची तीन तबकड्यांची पेटी निघाली, आणि ते बोलणं त्या तबकडीवर आहे.

हा किस्सा सांगून मी तबलजीकडे बघते. तो हातोडी खाली ठेवतो आणि लोक हसत टाळ्या वाजवतात. त्या क्षणाला बैठक बसते. एकदा आमच्याकडे टाळ्या वाजल्यावर तो म्हणाला, "अजून लागला नाही हो," आणि आणखी चार मिनिटं ठोकत बसला. चालतं.

रंगमंच आधी, तबकडी नंतर. आणि उलट

बैठकीचा कणा हा. दोन गाणी लागोपाठ लावायची.

पहिलं एक नाट्यपद. गोव्यात अभिषेकीबुवांना सोडून पुढं जाताच येत नाही. जितेंद्र अभिषेकी आमच्या शेजारच्या मंगेशीचे. त्यांच्या संगीताचं 'मत्स्यगंधा' १९६४ चं, मुंबईच्या दि गोवा हिंदू असोसिएशनचं. त्यात म्हापशाचे रामदास कामत गायले. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ च्या डिसेंबरचं. 'मीरा मधुरा' १९७० चं. कुणी म्हणेल, पहिली दोन तुमच्या पाच वर्षांत कुठं बसतात? पण मुंबईत १९६४ साली आलेलं नाटक आमच्या उत्सवात पोचायला वेळ लागायचा. बाबांनी 'मत्स्यगंधा'ची पदं ऑर्गनवर बसवली ती १९७२ च्या उत्सवाला. मी अकरा वर्षांची, पडद्यामागं ऑर्गनच्या भात्याशी बसलेली. तेव्हा म्हार्दोळात ते नाटक १९७२ चंच.

तबकडी लावा. तीन-साडेतीन मिनिटांत पद संपेल. मग गावातल्या गाणाऱ्याला तेच पद उत्सवात म्हणतो तसं म्हणायला सांगा, ऑर्गन नसला तर बाजाच्या पेटीवर. आमच्याकडे अकरा मिनिटं झाली, त्यात एक वन्समोअर. आणि हे अभिषेकीबुवांचं पद, म्हणजे जुन्या मानानं आटोपशीरच. त्यांनीच तर नाट्यपद आवरून नाटकाच्या गतीला जुळवून घेतलं होतं. बालगंधर्वांच्या काळातलं एखादं घेतलंत तर भजी थंड होतील. लोकांना काही समजावून सांगावं लागत नाही. मधली सात मिनिटं कुठं गेली ते त्यांना ऐकू येतं.

लगेच दुसरं: 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'. इथं उलटा प्रकार. अँड्र्यू लॉइड वेबर बावीस वर्षांचा, शब्द लिहिणारा टिम राइस पंचविशीतला. ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांवरचं रॉक संगीतातलं नाटक उभं करायला कुणी निर्माता तयार होईना. मग त्यांनी आधी तबकडीच काढली, दोन एलपींची, ऑक्टोबर १९७० मध्ये. अमेरिकेत ती इतकी खपली की १९७१ मध्ये यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि तेव्हा कुठं १२ ऑक्टोबर १९७१ ला ब्रॉडवेवर पडदा वर गेला. लंडनला ९ ऑगस्ट १९७२ ला, पॅलेस थिएटरात. तिथं ते १९८० पर्यंत चाललं. म्हणजे प्रेक्षक थिएटरात शिरले तेव्हा गाणी त्यांना पाठ होती. मी 'आय डोन्ट नो हाऊ टू लव्ह हिम' लावते, मेरी माग्दालेनाचं, गायली यव्होन एलिमन. पहिल्या वेळी इंग्रजी गाणं म्हणून काही जण चुळबुळले. एक आजी मात्र डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ही भक्ती आहे की प्रेम, तिलाच ठरवता येत नाही. मीरेचं पण तसंच." मी जे दीड मिनिट बोलायला घोकून आले होते त्यातलं निम्मं त्यांनी एका वाक्यात संपवलं.

फोंड्याहून येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, "पाद्रींनी ओरड केली नाही?" केली तर. ब्रॉडवेच्या थिएटरबाहेर धार्मिक गटांनी निदर्शनं केली. आणि इथून सरळ पुण्याला जाता येतं.

भिंत

१६ डिसेंबर १९७२, पुण्याचं भरत नाट्य मंदिर, 'घाशीराम कोतवाल'. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. निर्मिती प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनची. नाना फडणविसांच्या चित्रणावरून वाद झाला, एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं गेलं, कलाकारांनी थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ पासून ते पुन्हा उभं राहिलं.

याचं नुसतं ध्वनिमुद्रण लावू नका. मी लावलं होतं, कुणाला काही कळलं नाही. कारण त्या नाटकातलं गाणं माणसांच्या भिंतीतून येतं. ओळीनं उभी राहिलेली बामणांची रांग गाते, डोलते, पाठ फिरवली की भिंत होते, फुटली की दार, वळली की गर्दी. पडदाही तीच, नेपथ्यही तीच.

तेव्हा भिंत उभी करा. बारा माणसं लागतात. आमच्याकडे रोमटातली, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत नाचणारी, पोरं मिळाली. शिगम्यात त्यांचे पाय आपोआप पडतात, शिकवावं लागत नाही. खांद्याला खांदा लावून उभी केली, गळ्यात उपरणी, झांज एकाकडे. गावातलंच एक नमन त्यांना गुणगुणायला लावलं आणि सांगितलं, तिसऱ्या आवर्तनाला सगळ्यांनी एकदम पाठ फिरवायची. पहिल्यांदा अकरा जण फिरले, बारावा लोकांकडे बघत तसाच गात राहिला. हशा. दुसऱ्यांदा जमलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी हात मागं टेकवले, जणू खरोखरच कुणी तोंडावर दार लावलं. त्यानंतर ध्वनिमुद्रण लावलं तर पंधरा मिनिटं कुणी हललं नाही.

यासाठी तालीम दोनच दिवस, पण तालमीला चहा द्यावा लागतो. हिशेबात धरा.

सिनेमाचं दार

मराठीतून १९७२ चा 'पिंजरा' घ्या, व्ही. शांतारामांचा. संगीत राम कदमांचं, शब्द जगदीश खेबुडकरांचे, आवाज उषा मंगेशकरांचा. त्यावर जास्त बोलू नका, ढोलकी सुरू झाली की लोक तुमचं ऐकतही नाहीत.

त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला 'पाकीज़ा' आला. ते मी दर वेळी लावते, कारण ते दार उघडेपर्यंत आतली माणसं निघून गेली होती. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच वारले. राहिलेलं काम नौशादांनी पुरं केलं. चित्रपट लागल्यावर दोन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला, मीनाकुमारी गेली. एवढं सांगायचं, 'चलते चलते' लावायचं आणि गप्प बसायचं. संपल्यावर लगेच पुढचं गाणं नको. पंख्याचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबा.

आणि 'बॉबी'. २८ सप्टेंबर १९७३. त्यातल्या 'ना माँगूँ सोना चाँदी'मधलं 'घे घे घे' आमच्या देखणी या नाचगाण्यातलं, सरळ कोंकणीतच तिथं गेलेलं. देखणीत कलावंतीण तारवट्याला, म्हणजे नावाड्याला, विनवते की मला पैलतीरी दामूच्या लग्नाला ने, आणि तो ऐकेना म्हणून अंगावरचे दागिने देऊ करते. तर इथं आधी देखणी म्हणवून घ्या, घुमट या वाद्यावर. म्हणणारं कुणीतरी बसलेलं असतंच, फक्त दोनदा आग्रह करावा लागतो. मग सिनेमाचं गाणं. उलट क्रमानं केलंत तर देखणी सिनेमाची नक्कल वाटते. हे मी करून बघितलंय.

साल आठवत नाही, प्रसंग आठवतो

लोक सांगतात ते साल तसंच टिपून घेऊ नका. त्यांना खोटंही पाडू नका. मी तीन खुंट्या ठेवल्यात, त्यांवर आठवण टांगते. ओपिनियन पोलच्या, म्हणजे गोव्याच्या विलीनीकरणावरच्या कौलाच्या, आधी की नंतर? म्हणजे १६ जानेवारी १९६७. बांगलादेशच्या लढाईच्या आधी की नंतर? डिसेंबर १९७१. भाऊसाहेब होते की गेले होते? मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर गेले १२ ऑगस्ट १९७३ ला. त्या दिवशी आपण कुठं होतो हे साठीपुढचं प्रत्येक माणूस सांगतं. तिन्ही प्रश्न विचारले की बहुतेक वेळा साल हाती लागतं.

एका आजींनी छातीठोक सांगितलं की भाऊसाहेब होते तेव्हा आम्ही 'बॉबी'ची गाणी ऐकत होतो. भाच्यानं फोन काढून सप्टेंबरची तारीख दाखवली, झालं, वाद पेटला. पण सिनेमाच्या तबकड्या सिनेमाच्या आधी बाजारात यायच्या, लोकांच्या ओठांवर गाणी बसावीत म्हणूनच. त्यामुळे आजी बरोबर असू शकतात आणि भाचाही. शिवाय 'घे घे घे' त्यांनी आईकडून ऐकलेलं, ते तर पोर्तुगीज असताना. दार कोणतं हे विचारल्याशिवाय तारखेला अर्थ नाही.

तबकडीच्या मधल्या कागदावर बारीक अक्षरात पहिल्या प्रकाशनाचं साल बऱ्याचदा छापलेलं असतं. भिंग घेऊन बघा. सिनेमाच्या बाबतीत ते गाण्याच्या जन्माजवळचं असतं. नाट्यपदाच्या बाबतीत मात्र गाणं त्याच्या आधी कितीतरी प्रयोग फिरून आलेलं असतं.

रेडिओ आणि तियात्र

रेडिओचं दार सोपं आहे. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, त्यात फोन उभा ठेवा, झाकण अर्धवट. आवाज बरोब्बर तसा चपटा येतो. त्यातून 'दम मारो दम' लावा. 'हरे राम हरे कृष्ण' १९७१ चा, आणि १९७२ च्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत ते पहिलं आलं. दर बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा आवाज आला की आमच्या वाड्यावर भांडी घासायची थांबायची. हे गाणं लागलं की मात्र बाबा आवाज बारीक करायचे. हणजुण्याच्या किनाऱ्यावर तेव्हा हिप्पी उतरले होते, आणि घरोघरी मुलींना तिकडं फिरकायची बंदी होती. मी आवाज बारीक करून लावते. समोरच्या बायका एकमेकींकडे बघून हसतात, म्हणजे सगळ्यांच्या घरी तेच होतं.

तियात्राचं, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकाचं, गाणं हवंच, मराठी बैठक असली तरी. संगीत नाटकात पद कथेच्या पोटातून येतं. तियात्रात पडद्यांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, येतात आणि त्यांचा कथेशी संबंध असायलाच हवा असं नाही. म्हणून मी क्रिस पेरींच्या चालीवरचं लॉर्ना या गायिकेचं गाणं मुद्दाम दोन गंभीर गाण्यांच्या मध्ये लावते, काही न बोलता. मडगावच्या माणसाचा ट्रम्पेट आणि तो खणखणीत आवाज. पहिल्या खेपेला एक गृहस्थ नाक मुरडून म्हणाले, हे कशाला? तिसऱ्या खेपेला तेच पायानं ठेका धरून होते. बोलले काही नाहीत, मीही विचारलं नाही.

शेवटची बाजू

शेवटी एलपीची एक पूर्ण बाजू. १९७४ चा 'शिवकल्याण राजा' मी ठेवते. शिवराज्याभिषेकाला ६ जून १९७४ ला तीनशे वर्षं झाली, त्या निमित्तानं हृदयनाथ मंगेशकरांनी केलेला, लताबाईंच्या आवाजातला. याच्यामागं ना नाटक, ना सिनेमा. तबकडीच त्याचं घर. म्हणून सुई मध्ये उचलायची नाही. कुणी एखादं गाणं पुन्हा मागितलं तरी नाही, बाजू संपू द्या. त्याच वर्षी मार्चमध्ये लताबाई लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. हे सांगायचं तर आधी सांगा. सुई टेकल्यावर नाही.

पातळभाजी वाढेपर्यंत तबकड्या पिशवीत घालून घ्या, नाहीतर तेलकट बोटं लागतात. घरी नेल्यावर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. अग्रशाळेची किल्ली त्याच रात्री परत द्या. पुढच्या महिन्यात ती मागायचीय. फळा पुसताना वार आणि वेळ पुसा, साल तेवढं राहू द्या.